सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये उत्प्रेरकाची चाचणी: तयारी, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

पंपावर १२० बार आणि हीटरवर ६० °से. दिसले, म्हणून आतलं मिश्रण सुपरक्रिटिकल (क्रांतिक दाब-तापमानापुढचं, जिथे द्रव-वायू हा भेद उरत नाही) झालं असं धरलं की पुढची सगळी आकडेवारी डळमळीत होते. ७३.८ बार आणि ३१ °से. हा शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू आहे. त्यात हायड्रोजन आणि अभिक्रियाक मिसळले की तो सरकतो, आणि हायड्रोजनमुळे क्रांतिक दाब बराच वर सरकतो. शिवाय या भागात दाब किंवा तापमान थोडं बदललं तरी घनता, संपर्ककाळ (मिश्रण उत्प्रेरकाच्या थरात राहतं तो वेळ), संहती (आकारमानामागे पदार्थाचं प्रमाण) आणि विसरण (रेणूंचं पसरत जाणं) एकाच वेळी बदलतात. या सगळ्यांचा परिणाम ‘उत्प्रेरकाची सक्रियता’ म्हणून नोंदला जातो, आणि मुख्य चूक तीच आहे. पुढची सगळी मांडणी हे परिणाम एकमेकांपासून वेगळे काढण्यासाठी आहे.

उदाहरणासाठी आयसोफोरोन या असंतृप्त कीटोनचं हायड्रोजनेशन (हायड्रोजन जोडणं) घेऊ. पॅलेडियमवर त्यातला कार्बन-कार्बन दुहेरी बंध भरला जातो आणि ट्रायमेथिलसायक्लोहेक्झॅनोन मिळतं. अभिक्रिया पुढे गेली तर कीटोनचं अल्कोहोल होतं. या तिन्हींचे उत्कलनबिंदू इतके जवळ आहेत की ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करणं खर्चिक पडतं, म्हणून इथे निवडकतेला (हवं तेच उत्पादन मिळण्याला) खरी किंमत आहे. ही अभिक्रिया सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये कारखान्याच्या पातळीवरही झालेली आहे: इंग्लंडमधल्या कॉन्सेट इथे थॉमस स्वान कंपनीने २००२ मध्ये वर्षाला १,००० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू केला होता.

## टप्पा १: कागदावरचं गणित आधी

यंत्राला हात लावण्याआधी एका मानक बिंदूचं पूर्ण गणित लिहून काढा. आपला मानक बिंदू ६० °से. आणि १५० बार.

आयसोफोरोन ०.१० मि.लि. प्रति मिनिट सोडलं तर ते ०.०९२ ग्रॅम, म्हणजे ०.६७ मिलिमोल प्रति मिनिट होतं. हायड्रोजन दुप्पट मोल प्रमाणात घ्या: १.३४ मिलिमोल, म्हणजे ० °से. आणि एक वातावरण दाबाला मोजलेले सुमारे ३० मि.लि. प्रति मिनिट. कार्बन डायऑक्साइडचा पंप १.० मि.लि. प्रति मिनिटावर ठेवला आणि पंपाचं डोकं ५ °से.ला थंड असलं, तर द्रवाची घनता ०.९८ च्या आसपास असते, म्हणजे ०.९८ ग्रॅम, २२ मिलिमोल. एकूण मिश्रणात आयसोफोरोन सुमारे २.७ टक्के मोल आणि हायड्रोजन ५.५ टक्के मोल.

आता घनता. शुद्ध कार्बन डायऑक्साइडसाठी ६० °से.ला हे आकडे जवळ ठेवा (ग्रॅम प्रति मि.लि.):

- ८० बार: ०.१९
- १०० बार: ०.२९
- १२० बार: ०.४३
- १५० बार: ०.६०
- २०० बार: ०.७२

१०० ते १५० बारच्या दरम्यान घनता दुप्पट होते, तर १५० ते २०० मध्ये फक्त पाचव्या हिश्शाने वाढते. ४० °से.ला हा चढ आणखी तीव्र आहे: ८० बारला ०.२८, तर १०० बारला ०.६३. अशा भागात दाब धरून ठेवणाऱ्या रेग्युलेटरने दोन-तीन बारचा झोका घेतला तरी तुमची संहती स्थिर राहत नाही. म्हणून पहिल्या चाचण्या क्रांतिक बिंदूला खेटून करू नका. तो भाग कितीही खुणावत असला तरी त्याची पाळी मानक बिंदू पक्का झाल्यावर येते.

संपर्ककाळाचं गणित इथेच करून ठेवा, कारण सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष याच जागी निघतात. समजा उत्प्रेरकाचा थर ५ मि.लि. आहे आणि त्यातली मोकळी जागा २ मि.लि. आहे. पंप तोच, दाब तोच १५० बार:

- ६० °से.ला घनता ०.६०४, प्रवाह १.६२ मि.लि. प्रति मिनिट, संपर्ककाळ ७४ सेकंद.
- १०० °से.ला घनता ०.३३२, प्रवाह २.९५ मि.लि. प्रति मिनिट, संपर्ककाळ ४१ सेकंद.

फक्त तापमान वाढवलं आणि संपर्ककाळ जवळपास निम्मा झाला. अशा दोन चाचण्यांतून काढलेली सक्रियण ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी येते, आणि मग उत्प्रेरकावर विसरणाची मर्यादा आहे असा खोटा संशय घेतला जातो. हे आकडे शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे आहेत. हायड्रोजन मिसळल्यावर घनता आणखी उतरते, म्हणून अंतिम गणित मिश्रणासाठी पेंग-रॉबिन्सन समीकरणाने (दाब, तापमान आणि घनता जोडणारं समीकरण) करा.

तपासा: प्रत्येक प्रस्तावित चाचणीपुढे घनता, संपर्ककाळ, आयसोफोरोनची संहती आणि हायड्रोजनची संहती, असे चारही आकडे लिहिलेले आहेत का? एखादा रकाना रिकामा असेल तर ती चाचणी अजून तयार नाही.

## टप्पा २: फेज (मिश्रण एकजीव आहे की दोन थरांत फुटलंय) डोळ्यांनी पाहा

नीलमणी काचेची खिडकी असलेला छोटा दाबकक्ष मिळवा. त्यात तुमच्याच प्रमाणातलं मिश्रण भरा, ढवळा, ६० °से.ला आणा आणि दाब हळूहळू उतरवत न्या. मिश्रण ढगाळतं तो दाब नोंदवा. तुमचा चालवण्याचा दाब त्यापेक्षा किमान १५-२० बारने वर हवा.

इथे तीन मिश्रणं तपासावी लागतात, एक नाही: रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी असलेलं, अर्धं रूपांतरण झालेलं, आणि बाहेर पडणारं. हायड्रोजन खर्च होत जातो आणि अभिक्रियाकाच्या जागी उत्पादन येतं, तशी फेजची सीमा थरातल्या थरात सरकते. पाणी तयार होणारी अभिक्रिया असेल तर बाहेरचं मिश्रण हमखास तपासा. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये पाणी फार थोडं विरघळतं, उरलेलं पाणी आम्लयुक्त होऊन उत्प्रेरकाचा धातू ज्यावर बसवलेला असतो त्या अ‍ॅल्युमिनाच्या छिद्रांत बसतं आणि धातू धुऊन नेऊ शकतं.

दोन फेज दिसल्या तर काम वाया गेलं असं नाही. कार्बन डायऑक्साइडने फुगलेल्या द्रवातही हायड्रोजन चांगला विरघळतो आणि कित्येक अभिक्रिया तिथे उत्तम चालतात. मात्र अहवालात त्याला सुपरक्रिटिकल म्हणू नका. संहतीचं गणितही वेगळं करावं लागेल.

सावधान: अभिक्रियाक प्राथमिक किंवा दुय्यम अमाइन असेल तर कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बामेट बनतं आणि ते बहुधा घन असतं. खिडकीत पांढरा साका दिसला तर ते मिश्रण नळीत सोडू नका, नळी तुंबेल. अशा वेळी प्रोपेन हे माध्यम विचारात घेता येतं (क्रांतिक बिंदू सुमारे ९७ °से. आणि ४२ बार), पण ते ज्वलनशील आहे आणि सुरक्षेची सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

## टप्पा ३: यंत्राची जुळणी

प्रवाहाच्या दिशेने क्रम असा: सिलिंडर, शीतक, पंप, हायड्रोजनचा प्रवाह-नियंत्रक, अभिक्रियाकाचा पंप, मिश्रक, पूर्वतापक, रिअ‍ॅक्टर, गाळणी, तापवलेला बॅक-प्रेशर रेग्युलेटर, सापळा, वायुमापक.

सिलिंडर आणि शीतक. तळापर्यंत नळी गेलेला, द्रव देणारा सिलिंडर मागवा. ३१ °से.च्या वर सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या मे महिन्यात सिलिंडर बाहेरच्या शेडमध्ये असेल तर आतला सगळा माल सुपरक्रिटिकल असतो, पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब १०० बार ओलांडू शकतो आणि पंपाकडे जाणाऱ्या मालाची घनता दुपार-संध्याकाळ बदलत राहते. पंपाचं डोकं थंड करून भागत नाही; पंपाच्या आधी नळीचं वेटोळं ५ °से.च्या खालच्या बाथमध्ये ठेवा. ‘सकाळी उत्प्रेरक चांगला चालतो, दुपारी मंदावतो’ अशी तक्रार असली तर आधी हे पाहा. पंप खरोखर किती देतो ते शेवटच्या वायुमापकावर पडताळा: ०.९८ ग्रॅम प्रति मिनिट म्हणजे २५ °से.ला सुमारे ०.५४ लिटर वायू.

रिअ‍ॅक्टर. ३१६ स्टीलची नळी, आतला व्यास ९ मि.मी. ५ मि.लि. थर साधारण ८ सें.मी. उंच होतो. कण १०० ते २०० मायक्रॉनचे घ्या. नळीचा व्यास कणाच्या किमान दहापट आणि थराची उंची किमान पन्नासपट असली की कडेने निसटणारा प्रवाह आणि मागेपुढे होणारं मिसळणं नगण्य राहतं. थरात वर, मध्ये आणि खाली अशी तीन थर्मोकपल हवीत.

सील. साध्या व्हायटॉनच्या ओ-रिंग कार्बन डायऑक्साइडमध्ये फुगतात आणि दाब झटकन सोडला तर आतून फाटतात. शक्य तिथे धातूचे किंवा टेफ्लॉनचे सील वापरा.

रेग्युलेटर. दाब उतरताना वायू इतका थंड होतो की आत कोरडा बर्फ धरतो. रेग्युलेटर ६०-७० °से.वर ठेवा. न तापवलेल्या रेग्युलेटरमुळे दाब करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो, आणि वर पाहिलंच की या भागात तो झोका थेट संहतीत उतरतो.

सुरक्षा. सगळ्यात कमजोर भागाच्या मर्यादेखाली फुटणारी रप्चर डिस्क बसवा आणि तिची नळी खोलीबाहेर काढा. हायड्रोजनचा आणि कार्बन डायऑक्साइडचा असे दोन वेगळे डिटेक्टर हवेत. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेटतो, आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचून गुदमरवतो. सिलिंडरवरच्या चाचणीची तारीख संपलेली असेल तर तो परत करा.

तपासा: आधी नायट्रोजनने चालवण्याच्या दाबाच्या १.१ पट दाब द्या. तापमान स्थिरावल्यावर ३० मिनिटांत १ बारपेक्षा जास्त उतार चालणार नाही. नंतर कमी दाबाच्या हायड्रोजनने सगळे सांधे डिटेक्टरने फिरून पाहा. नायट्रोजन धरणारा सांधा हायड्रोजन धरेलच असं नाही.

बंद पात्रात काम करणाऱ्यांना इशारा: कार्बन डायऑक्साइड दाब पाहून नाही, वजन करून भरा. १०० मि.लि. पात्रात ६० °से.ला १२० बार हवे असतील तर ४३ ग्रॅम पुरतात. तेच पात्र ० °से.ला द्रवाने काठोकाठ भरलं (सुमारे ९३ ग्रॅम) आणि ६० °से.ला नेलं, तर दाब ४०० बारच्या पुढे जातो. हायड्रोजनचा दाब त्याशिवाय.

## टप्पा ४: उत्प्रेरक भरणं आणि सक्रिय करणं

उत्प्रेरक २ टक्के पॅलेडियम, गॅमा-अ‍ॅल्युमिनावर. किती घ्यायचा हे प्रश्नावर अवलंबून आहे. उत्पादन हवं असेल तर १ ग्रॅम. तुलना किंवा गतिकी (अभिक्रियेच्या वेगाचा अभ्यास) हवी असेल तर ०.१ ग्रॅमपासून सुरू करा आणि रूपांतरण २० टक्क्यांखाली येईपर्यंत प्रमाण जुळवा. उरलेली जागा त्याच मापाच्या सिलिकॉन कार्बाइडने भरा, नीट मिसळून.

मिसळण्यामागचं कारण उष्णता. दुहेरी बंध भरताना मोलमागे ११०-१२० किलोज्यूल सुटतात. आपल्या प्रवाहाला पूर्ण रूपांतरण झालं आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान २०-३० अंशांनी चढेल. नेहमीच्या द्रवात एवढ्याने फक्त वेग वाढतो, इथे थराच्या त्या भागातली घनताही तिसऱ्या हिश्शाने पडते आणि फेज फुटण्याचा धोका येतो. मधलं थर्मोकपल बाकीच्यांपेक्षा ३ अंशांहून जास्त दाखवत असेल तर थर आणखी विरळ करा.

सक्रिय करताना नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन, साधा दाब, मिनिटाला २ अंश या गतीने १५० °से.पर्यंत, आणि तिथे दोन तास. नंतर नायट्रोजनमध्येच ६० °से.ला उतरवा.

सावधान: हे काम कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात करू नका. गरम धातूवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन मिळून कार्बन मोनॉक्साइड व पाणी बनतं. तो मोनॉक्साइड पॅलेडियमला घट्ट धरून बसतो, आणि तुमचा ताजा उत्प्रेरक चाचणीआधीच अर्धा झाकलेला असतो.

## टप्पा ५: चालू करण्याचा क्रम

१. नायट्रोजन बंद करा, कार्बन डायऑक्साइड सुरू करा, दाब मिनिटाला ५ बारच्या आसपास चढवत १५० वर न्या.
२. तापमान आणि दाब अर्धा तास स्थिर राहू द्या.
३. हायड्रोजन सुरू करा.
४. हायड्रोजन पूर्ण मिसळल्यावर आयसोफोरोन सुरू करा. उलट क्रमाने केलं तर हायड्रोजनशिवाय आलेलं सेंद्रिय पृष्ठभागावर साठतं आणि हायड्रोजन पोचताच तापमानाची उडी येते.
५. थर, नळ्या, गाळणी आणि सापळा मिळून जे आकारमान होतं, त्याच्या किमान तिप्पट प्रवाह जाईपर्यंत नमुना घेऊ नका.

सापळ्यात ०-५ °से.ला थंड केलेलं आयसोप्रोपेनॉल ठेवा, आंतरिक मानक (मोजणीचा संदर्भ) म्हणून ठरावीक वजनाचं डोडेकेन घाला. दाब उतरताना उत्पादन धुक्यासारखं उडतं. एका सापळ्यात मावत नसेल तर दुसरा जोडा. उत्पादन जास्त बाष्पशील असलं की रूपांतरण कमी आणि निवडकता वेगळी दिसते. दोष सापळ्याचा असतो, नाव उत्प्रेरकाचं खराब होतं.

तपासा: वस्तुमानाचा ताळेबंद ९५ ते १०५ टक्क्यांत बसला पाहिजे. बसत नसेल तर तो नमुना टाकून द्या, सरासरीत घेऊ नका.

## टप्पा ६: चाचण्या, याच क्रमाने

कोरी चाचणी. फक्त सिलिकॉन कार्बाइड भरून मानक बिंदू चालवा. जुन्या स्टीलच्या नळीवर मागच्या कामातला धातू चिकटलेला असतो.

आधाररेषा. तोच थर, तोच एकूण दाब, कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन. आता आयसोफोरोन द्रवरूपात झिरपतं आणि हायड्रोजनला द्रवाचा पडदा ओलांडावा लागतो. माध्यमाचा फायदा किती, याचं प्रामाणिक उत्तर या तुलनेतून मिळतं.

फायद्याचं मूळ समजून घ्या, म्हणजे कुठे फायदा होणार नाही हेही कळेल. कार्बन डायऑक्साइडच्या सुपरक्रिटिकल फेजमध्ये हायड्रोजन कोणत्याही प्रमाणात मिसळतो. ५० °से.ला ८५ बार हायड्रोजन आणि १२० बार कार्बन डायऑक्साइड असताना हायड्रोजनची संहती ३.२ मोलर असते, तर तेवढ्याच हायड्रोजनखाली टेट्राहायड्रोफ्युरान या नेहमीच्या द्रव द्रावकात ०.४ मोलर. विसरणही नेहमीच्या द्रवापेक्षा दहा ते शंभर पट जलद. म्हणजे वेग हायड्रोजनच्या वाहतुकीवर अडलेला असेल तर मोठी वाढ दिसेल. तो पृष्ठभागावरच्या अभिक्रियेवर अडलेला असेल तर फारशी दिसणार नाही. उलट आयसोफोरोन ६.७ मोलरवरून ०.३५ मोलरच्या आसपास विरळ झालेलं असतं, म्हणून वेग घटूही शकतो. ग्रॅम उत्प्रेरकामागे तासाला किती उत्पादन मिळालं, हा आकडा दोन्हीकडे द्या.

विसरणाची परीक्षा. संपर्ककाळ तोच ठेवून थर आणि प्रवाह दोन्ही दुप्पट करा. रूपांतरण बदललं तर कणाबाहेरचा अडथळा आहे. कण १५० वरून ५० मायक्रॉनवर आणा. वेग वाढला तर छिद्रांतला अडथळा आहे. सुपरक्रिटिकलमध्ये असे अडथळे नसतातच असं गृहीत धरू नका, घनता वाढते तसं विसरण मंदावतं.

दाबाची मालिका. ६० °से. कायम, दाब १२०, १३५, १५०, २०० बार, आणि यातला प्रत्येक दाब खिडकीत पाहिलेल्या ढगाळण्याच्या दाबाच्या वर आहे ना हे आधी बघा. प्रत्येक वेळी तिन्ही प्रवाह एकाच प्रमाणात बदलून संपर्ककाळ ७४ सेकंदांवर आणा. मोल-अंश तसेच राहतील. मग दाबाबरोबर फक्त संहती आणि माध्यमाची विरघळवण्याची ताकद बदलते. त्यातही मोलर संहती बदलणारच, म्हणून आलेख दाबाविरुद्ध न काढता घनतेविरुद्ध काढा.

दर दोन बिंदूंनंतर मानक बिंदूवर परत या. परतीचा आकडा ५ टक्क्यांहून घसरला असेल तर मधले बिंदू उत्प्रेरकाच्या थकव्याने दूषित आहेत.

टिकाऊपणा. किमान २४ तास, आणि तेही १०-२० टक्के रूपांतरणावर. १०० टक्के रूपांतरणावर घेतलेली टिकाऊपणाची चाचणी जवळपास निरुपयोगी आहे: वरचा थर मरतो, काम खालच्या थरावर सरकतं, बाहेर तोच आकडा दिसत राहतो आणि शेवटी एका दिवशी सगळं कोसळतं.

## टप्पा ७: आकडे वाचताना

हळूहळू घसरण दिसली तर तीन संशयित आहेत, आणि तिघांची परीक्षा वेगळी.

कार्बन मोनॉक्साइड: रेग्युलेटरनंतरचा वायू मिथेनायझर (मोनॉक्साइडचं मिथेन करणारा भाग) लावलेल्या जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) तपासा. मोनॉक्साइड दिसतो, आणि नायट्रोजन-हायड्रोजनमध्ये तापवल्यावर सक्रियता परत येते, तर हाच दोषी. तापमान वाढवलं की हा त्रास वाढतो.

कोक (पृष्ठभागावर साठलेला जड कार्बनी थर): अभिक्रियाक थांबवून जास्त घनतेचा कार्बन डायऑक्साइड काही तास सोडा. कोक होण्याच्या वाटेवरचे जड रेणू विरघळून निघतात आणि सक्रियता अंशतः परत येते. पक्का झालेला कोक निघत नाही. प्लॅटिनम-अ‍ॅल्युमिनावर १-हेक्झीनच्या समावयवीकरणात हे नीट दिसलं आहे: घनता फार कमी असेल तर जड रेणू निघत नाहीत, फार जास्त असेल तर छिद्रांतलं विसरण मंदावतं, आणि मधली घनता फायद्याची ठरते.

धातू धुऊन जाणं: वरचे दोन्ही उपाय करून काही परत येत नाही. सापळ्यातल्या द्रावणात आयसीपीने (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) पॅलेडियम शोधा.

दाब वाढवल्यावर, संपर्ककाळ तोच असताना, वेग घटला तर घाईने ‘उत्प्रेरक दाबाला कच्चा’ असं लिहू नका. दाट माध्यम अभिक्रियाकाला पृष्ठभागावरून खेचून घेतं, त्यामुळे पृष्ठभागावरची त्याची व्याप्ती कमी होते. निवडकता मात्र याच कारणाने सुधारू शकते, कारण कीटोन अल्कोहोल होण्याआधी सुटून निघतो.

## टप्पा ८: बंद करणं आणि उत्प्रेरक बाहेर काढणं

आधी आयसोफोरोन थांबवा. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड थराच्या पाचपट आकारमान जाईपर्यंत चालू ठेवा, मग हायड्रोजन थांबवा, मग एकटा कार्बन डायऑक्साइड. दाब मिनिटाला २-३ बारने उतरवा. घाई केली तर कण आतून फुटतात, बारीक चुरा गाळणीत बसतो आणि पुढच्या चाचणीत दाबाचा फरक वाढतो. शेवटी नायट्रोजनने धुऊन घ्या.

हायड्रोजन पाहिलेलं पॅलेडियम हवेत पेटू शकतं, कोळशावरचं तर हमखास. नायट्रोजनच्या आच्छादनाखाली थर पाण्याने भिजवा आणि ओलाच काढा. मिथेनॉलने भिजवू नका, त्याच्या वाफा पेटतात. वरचा, मधला आणि खालचा थर वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा. प्रत्येकीवर चाचणीचा क्रमांक, एकूण तास आणि थरातली जागा लिहा, आणि न वापरलेल्या उत्प्रेरकाची एक बाटली त्याच सक्रियणातून नेऊन सोबत जपून ठेवा. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ किंवा धातूच्या कणांचा आकार मोजायची वेळ आली की तुलना तिच्याशी करायची असते.